कुंपण कुणासाठी? ‘ओपेनहायमर’ पाहून पडलेले काही प्रश्न



सरकारी प्रयोगशाळेत चाललेलं नाजूक संशोधन नको त्या हाती पडू नये म्हणून काय करायचं, हा आजचा विषय आहे. विषय वाचून काहींना वाटलं असेल, आज कुणी निवृत्त अधिकारी बोलणार. तसं नाही. आम्ही सिनेमे पाहणारी आणि पुस्तकं वाचणारी माणसं. पण या विषयाबद्दल आपल्या डोक्यात जे काही असतं ते बहुतेक सिनेमांतूनच आलेलं असतं. खरे कागद आपल्याला कोण दाखवणार? तेव्हा सिनेमा काय दाखवतो आणि त्यातून काय निसटतं, हे पाहणं हेही या विषयाचंच काम आहे, असं आम्हांला वाटतं.

सिनेमा कोणता ते शीर्षकातच आहे. ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘ओपेनहायमर’. जुलै २०२३मध्ये आला, तीन तासांचा आहे, पुढच्या वर्षी त्याला सात ऑस्कर मिळाले. काय बर्ड आणि मार्टिन शेरविन यांनी लिहिलेल्या चरित्रावर तो बेतलेला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती गीतेच्या एका प्रसंगापुरती. आठवडाभर वाद झाला आणि विषय संपला. पण हा सिनेमा अणुबॉम्बबद्दल जितका आहे तितकाच गुपितांबद्दल आहे. १९५४ची चौकशी हा त्याचा कणा. अमेरिकेचा बॉम्ब ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला, त्याच माणसाला पुढे गुप्त कागद पाहायची मुभा द्यायची की नाही, हा त्या चौकशीतला प्रश्न.

आधी चांगलं काय ते सांगू, कारण ते पुष्कळ आहे.

बोरिस पॅश या लष्करी गुप्तहेर अधिकाऱ्याचा प्रसंग आठवा. केसी अॅफ्लेकने तो केला आहे. आवाज चढत नाही, धमकी नाही, खुर्चीत बसून नम्रपणे प्रश्न विचारले जातात आणि समोरचा माणूस आपल्याच शब्दांत अडकत जातो. ही मुलाखत खरी आहे, २६ ऑगस्ट १९४३ची. बर्कलीत झाली, आणि ओपेनहायमरना न सांगता ती ध्वनिमुद्रित केली गेली. तो कागद अकरा वर्षांनी त्यांच्यासमोर ठेवला गेला. सावधपणाची भीती पडद्यावर कशी दाखवावी, याचा तो धडाच आहे.

दुसरं, ग्रोव्हज आणि ओपेनहायमर यांच्यातला वाद. जनरल लेस्ली ग्रोव्हज यांचं सूत्र सरळ होतं: ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच त्याला कळावं. याला आपण कप्पेबंदी म्हणू. शास्त्रज्ञांचं म्हणणं, असे कप्पे पाडले तर डोकी चालणार कशी? शेवटी लॉस अलामोसमध्ये तडजोड झाली. बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तोडायचा, पण आतल्या शास्त्रज्ञांनी दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणाने बोलायचं. त्या वसाहतीचा बाहेरचा पत्ता म्हणजे सांता फे गावातली टपालपेटी क्रमांक १६६३. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही जन्मस्थळ म्हणून हाच पत्ता! एडवर्ड कॉन्डन यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ तर या सुरक्षेच्या जाचाला कंटाळून काही आठवड्यांतच नोकरी सोडून गेला. हा ताण सिनेमाने पकडला आहे, आणि चांगला पकडला आहे.

मग आमची तक्रार काय?

तक्रार अशी की, एवढा मोठा सिनेमा ‘कुणावर संशय घेतला’ हे तीन तास सांगतो, आणि ‘गुपित नेलं कुणी आणि कसं’ हे काही मिनिटांत उरकतो. सिनेमात क्लाउस फुक्स आहेत. ब्रिटिश तुकडीबरोबर येतात, एक-दोन वाक्यं बोलतात, गर्दीत मिसळतात. नंतर कुणीतरी सांगतं की तो हेर निघाला. बस. प्रेक्षक पुन्हा ओपेनहायमर आणि स्ट्रॉस यांच्या भांडणाकडे वळतो. आमच्या मते इथे सिनेमाने आपल्याच विषयाचा गाभा सोडून दिला.

कारण फुक्स यांची गोष्ट पाहिली की ‘अनधिकृत प्रवेश’ या शब्दावरचा आपला विश्वासच डळमळतो. फुक्स जन्माने जर्मन, १९३३मध्ये हिटलरपासून पळून ब्रिटनमध्ये आलेले. जर्मनीत असताना ते कम्युनिस्ट पक्षात होते. १९४१मध्ये बर्मिंगहॅमला रुडॉल्फ पायर्ल्स यांच्याकडे अणुसंशोधनात रुजू झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत हस्तकांना माहिती द्यायला सुरुवात केली. डिसेंबर १९४३मध्ये ते ब्रिटिश तुकडीतून अमेरिकेत आले. ब्रिटनने सांगितलं, आमची माणसं आम्ही तपासलेली आहेत; अमेरिकेने ते मान्य केलं. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑगस्टमध्ये ओपेनहायमरची उलटतपासणी चालली आहे. त्यांचे मित्र, बायको, भाऊ, जुनी प्रेयसी, सगळ्यांच्या फायली उघडल्या आहेत. आणि चार महिन्यांनी खरा हेर मित्रराष्ट्राची चिठ्ठी घेऊन पुढच्या दाराने आत येतो आहे.

१९४४च्या ऑगस्टमध्ये फुक्स लॉस अलामोसला पोहोचले. त्यांचं काम होतं अंतःस्फोटाचं गणित. प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटकं अशी रचायची की चारही बाजूंनी सारखा दाब येऊन तो आत चेपला जाईल. प्लुटोनियमच्या बॉम्बची ही मुख्य युक्ती. २ जून १९४५ला फुक्स आपल्या जुन्या ब्यूकमध्ये बसून सांता फेला गेले आणि हॅरी गोल्ड नावाच्या निरोप्याच्या हाती त्यांनी कागद दिले. दीड महिन्याने, १६ जुलैला, ट्रिनिटीची चाचणी झाली. २९ ऑगस्ट १९४९ला सोव्हिएत संघाने आपला पहिला बॉम्ब फोडला, त्याची रचना नागासाकीवरच्या बॉम्बशी मिळतीजुळती होती.

या सगळ्यात एकही कुलूप फुटलेलं नाही. कुंपणावरून उडी नाही, तिजोरी फोडणं नाही, चोरून काढलेला फोटो नाही. जे गणित त्यांनी स्वतः केलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्यांच्याकडे बिल्ला होता, परवानगी होती. प्रवेश पूर्ण अधिकृत होता. अनधिकृत होती ती फक्त निष्ठा. आणि निष्ठा मोजायचं यंत्र तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

इथे कुणी म्हणेल, मग ग्रोव्हजचंच बरोबर होतं की! दर आठवड्याच्या त्या मोकळ्या बैठका झाल्या नसत्या तर फुक्सना एवढं कळलंच नसतं. हा आक्षेप वजनदार आहे, तो झटकून टाकता येणार नाही. त्या बैठकांतून त्यांना स्वतःच्या कामापलीकडचं पुष्कळ कळलं असणार, हे मान्यच करायला हवं. पण त्यांनी दिलेल्या माहितीतला सगळ्यांत मोलाचा भाग अंतःस्फोटाचा होता, आणि ते त्यांच्या स्वतःच्याच कप्प्यातलं काम होतं. तीच गोष्ट इतरांची. थिओडोर हॉल हा हार्वर्डहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याचं कामही अंतःस्फोटाच्या प्रयोगांवरच. डेव्हिड ग्रीनग्लास हा तर कारखान्यातला यांत्रिक, स्फोटकांच्या साच्यांचं काम करणारा. तिघांनी एकमेकांना न कळता माहिती बाहेर दिली, आणि तिघांनीही मुख्यतः आपापल्या कप्प्यातलीच दिली. कप्पेबंदीने चोरीचा आकार कदाचित लहान झाला असता. चोरी टळली नसती.

आता कप्पेबंदीची दुसरी बाजू. सिनेमात एक दृश्य पुन्हा पुन्हा येतं. काचेच्या दोन भांड्यांत गोट्या पडत असतात. एका भांड्यातल्या गोट्या म्हणजे ओक रिजहून येणारं युरेनियम, दुसऱ्यातल्या म्हणजे हॅनफर्डहून येणारं प्लुटोनियम. भांडी भरत जातात तसा बॉम्ब जवळ येतो. दृश्य म्हणून ते छान आहे. पण त्या गोट्या कुणी बनवल्या? सिनेमा ओक रिजला जातच नाही. तिथे यंत्रांसमोर बसून काटे आणि बटणं सांभाळणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि आपण काय बनवतोय हे त्यांना माहीत नव्हतं. काटा इकडे गेला तर बटण तिकडे फिरव, एवढंच शिकवलेलं.

आणि हे अज्ञान नुसतं अन्यायाचं नव्हतं, धोक्याचं होतं. रिचर्ड फाइनमन यांनी याची हकिकत स्वतः सांगितली आहे. लॉस अलामोसहून एमिलिओ सेग्रे ओक रिजला पाहणीसाठी गेले, तेव्हा युरेनियमचं द्रावण तिथे ज्या रीतीने हाताळलं जात होतं ते पाहून ते चमकले. युरेनियम पाण्यात असलं की त्यातले न्यूट्रॉन मंदावतात, आणि मग कमी युरेनियमातही साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते. साठा कुठे, किती, कशाच्या शेजारी ठेवायचा याला जिवावरचं महत्त्व येतं. पण ते ठरवणाऱ्या माणसांना हे पदार्थ कशासाठी आहेत हेच सांगितलेलं नव्हतं, मग धोका तरी कसा कळणार? शेवटी फाइनमनना पाठवलं गेलं. जाताना ओपेनहायमरनी त्यांना बजावलं होतं: तिथल्या लोकांना खरं सांगायची परवानगी मिळाली नाही तर त्या कारखान्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी लॉस अलामोस घेऊ शकत नाही, असं स्पष्ट म्हणायचं. ते म्हटल्यावर अधिकारी वरमले, परवानगी मिळाली आणि कारखान्याची आखणी बदलली गेली. गुपित राखण्याच्या नादात आपलाच कारखाना उडवून दिला असता!

फाइनमनची दुसरी गोष्ट आकडेमोडीची. लॉस अलामोसमध्ये सैन्यातली हुशार पोरं गणनयंत्रांवर बसवली होती. दिवसभर छिद्रं पाडलेली कार्डं फिरवायची. ती कशासाठी, ते ठाऊक नाही. फाइनमननी ओपेनहायमरकडे आग्रह धरला, सुरक्षावाल्यांकडून परवानगी मिळवली आणि पोरांसमोर एक व्याख्यान दिलं: हे असं असं युद्धाचं काम आहे, आणि तुमचे आकडे इथे इथे लागतात. त्यानंतर पोरांनी रात्री जागून काम केलं, स्वतःच नवीन रीती शोधल्या. फाइनमन सांगतात, आधी नऊ महिन्यांत तीन गणितं झाली होती, नंतर तीन महिन्यांत नऊ झाली. गुप्ततेची किंमत असते ती अशी. ती कुठल्या हिशेबवहीत लिहिली जात नाही, म्हणून ती शून्य आहे असं वाटतं.

हे प्रसंग सिनेमात घालायलाच हवे होते असा आमचा हट्ट नाही. सिनेमा म्हणजे विश्वकोश नव्हे. पण गोट्यांच्या दृश्याने गुप्ततेची किंमत फक्त वरच्या माणसांनी मोजली असा समज होतो. ओपेनहायमरचं दुःख मोठ्या पडद्यावर दिसतं. ओक रिजची मुलगी गोटी होऊन भांड्यात पडते.

थोडं हलकं सांगतो, पण मुद्दा तोच आहे. फाइनमनना एक दिवस कुंपणाला भोक दिसलं. तिथल्या कामगारांनी जायला-यायला पाडलेलं. मग ते दारातून बाहेर पडायचे, भोकातून आत यायचे, पुन्हा दारातून बाहेर. पहारेकरी चक्रावला, हा माणूस आत न येता सारखा बाहेर कसा जातो! यावर वरिष्ठांचा पहिला विचार फाइनमनलाच पकडायचा. नंतर तिजोऱ्यांचं तसंच. लोक तिजोरी उघडी ठेवून काम करतात, आणि उघड्या तिजोरीवरून तिचे आकडे काढता येतात, हे त्यांनी ओक रिजच्या एका कर्नलला करून दाखवलं. कर्नलने काय केलं? सगळ्यांना पत्रक पाठवलं: भेटीच्या काळात फाइनमन तुमच्या तिजोरीजवळ आले होते का? आले असतील तर आकडे बदला. तिजोरी उघडी ठेवू नका, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मंडळी, हसू येतं, पण १९५४ची चौकशी हे त्याच पत्रकाचं मोठं रूप आहे. भोक बुजवायचं सोडून भोक दाखवणाऱ्याकडे बघायचं. आपल्याकडे म्हण आहेच, चोर सोडून संन्याशाला फाशी.

अर्थात ओपेनहायमर संन्यासी नव्हते, ही म्हण इथे जपून वापरली पाहिजे. हाकॉन शेवालिए या मित्राने स्वयंपाकघरात बोलता बोलता सोव्हिएत लोकांकडे माहिती पोहोचवायच्या वाटेचा विषय काढला. ओपेनहायमरनी नकार दिला. पण अधिकाऱ्यांना ते कित्येक महिन्यांनी सांगितलं, आणि सांगताना मित्राला वाचवायला भलतीच कथा रचली. आपण मूर्खपणा केला, असं त्यांनी साक्षीत स्वतःच कबूल केलं. गुप्त प्रकल्पाच्या प्रमुखाने सुरक्षा अधिकाऱ्याशी खोटं बोलावं, ही लहान गोष्ट नाही. सिनेमाही ते लपवत नाही.

पण चौकशी समितीचा निष्कर्ष पाहा. समितीच्या बहुमताने लिहिलं की ओपेनहायमर देशाशी एकनिष्ठ आहेत, आणि महत्त्वाची गुपितं पोटात ठेवण्याची असाधारण क्षमता त्यांच्यात दिसते. आणि एवढं लिहून दोन विरुद्ध एक मतांनी त्यांना मुभा नाकारली! २९ जून १९५४ला अणुऊर्जा आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी ते कायम केलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुदत आपोआप संपणार होती. म्हणजे गुपित फुटलेलं नाही, फुटण्याची शक्यता नाही, माणूस एकनिष्ठ आहे, तरी दार बंद. मग हे दार नेमकं कशाचं रक्षण करत होतं? हायड्रोजन बॉम्बच्या घाईला त्यांनी विरोध केला होता, हा खरा सल होता. सुरक्षेचा नियम मतभेद मोडायला वापरला गेला. त्यांच्या वकिलाला गुप्त कागद पाहायची मुभा नव्हती, समोरच्या वकिलाला होती. कुंपणच शेत खाऊ लागलं.

सिनेमा हे सगळं दाखवतो, पण त्याचं खापर एका माणसावर फोडतो. लुईस स्ट्रॉस यांचा मत्सर, दुखावलेला अहंकार आणि १९५९मध्ये सिनेटमध्ये झालेला त्यांचा पराभव. रॉबर्ट डाउनी ज्युनियरने काम इतकं उत्तम केलंय की आपण टाळ्या वाजवून उठतो. वाईट माणूस हरला, झालं! पण स्ट्रॉस नसते तर ती यंत्रणा बरी होती का? सिनेमातले ग्रोव्हज साक्षीत सांगतात की, नव्या कायद्याच्या मापाने आज आपण ओपेनहायमरना मुभा दिली नसती. आणि लगेच पुस्ती जोडतात की मग तिथल्या कुणालाच दिली नसती. आम्हांला वाटतं, सिनेमातला सगळ्यांत मोलाचा क्षण हाच, आणि तो एका हशात निघून जातो. ज्या मापाने कुणीच पास होत नाही ते माप हवं तेव्हा, हव्या त्या माणसावर वापरता येतं. ते वापरायला स्ट्रॉसच लागतो असं नाही.

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडेही असा एक सिनेमा आहे. आर. माधवन यांनी लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतः काम केलेला ‘रॉकेट्री’, जुलै २०२२चा. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ३० नोव्हेंबर १९९४ला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप होता क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान विकल्याचा. १९९६मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. १४ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. अटकेपासून चोवीस वर्षं. ओपेनहायमरविरुद्धचा निर्णय अमेरिकी सरकारने रद्द केला तो डिसेंबर २०२२मध्ये, अडुसष्ट वर्षांनी. तोवर त्यांना जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.

‘रॉकेट्री’च्या शेवटी माधवनच्या जागी खुर्चीत खरे नंबी नारायणन येऊन बसतात, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. आमच्याही आलं. पण त्या सिनेमातही तीच उणीव आहे. अपमान दिसतो, छळ दिसतो, निर्दोषपणा सिद्ध होतो, आणि गोष्ट संपते. विचारायला हवा होता तो साधा प्रश्न: चोरीला गेलं म्हणता ते नेमकं काय? क्रायोजेनिक इंजिन तेव्हा आपल्याला बनवताच येत नव्हतं. १९९१मध्ये रशियाच्या ग्लावकॉस्मॉसशी करार झाला, अमेरिकेच्या दबावामुळे १९९३मध्ये त्यातून तंत्रज्ञान देण्याचा भाग वगळला गेला, आणि आपल्या स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झालं ते ५ जानेवारी २०१४ला. घरात नसलेला दागिना चोरीला गेल्याची फिर्याद होती ही! पण गुपिताचं वलय असं असतं की ‘काय गेलं’ हे विचारणंच संशयास्पद ठरतं.

आणि हे वलय आपण कायद्यानेच तयार केलेलं आहे. एप्रिल १९४८मध्ये संविधान सभेसमोर, कायदेमंडळ म्हणून बसलेली असताना, अणुऊर्जेचं विधेयक आलं. नेहरूंनी ते मांडलं. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्यांनी विचारलं की ब्रिटन-अमेरिकेच्या कायद्यांपेक्षा आपल्याकडे गुप्तता जास्त का, शांततेसाठीच्या संशोधनालाही ती का लावायची? नेहरूंच्या उत्तराचा आशय असा, की या दोन प्रकारच्या संशोधनांत फरक कसा करायचा हेच सांगता येत नाही. उत्तर प्रामाणिक होतं. पण फरक करता येत नाही म्हणून सगळंच झाकायचं, ही सवय तिथून लागली. १९६२च्या कायद्याच्या कलम १८नेही माहितीवर तसंच झाकण घातलं. इंग्रजांचा १९२३चा शासकीय गुपिते कायदा होताच. माहिती अधिकार आला २००५मध्ये, त्यातही राष्ट्राच्या वैज्ञानिक हितसंबंधांचा अपवाद आहे. अपवाद असू नये असं आम्ही म्हणत नाही. पण कशाला गुपित म्हणायचं हे ज्याने ठरवायचं, चूक झाल्यावर तपासायचं तेही त्यानेच, ही व्यवस्था बरी नाही.

मग करायचं काय? आम्हांला एक माणूस आठवतो, तिकडचाच. हेन्री स्माइथ. नागासाकीनंतर तीनच दिवसांनी, १२ ऑगस्ट १९४५ला, अमेरिकी सरकारने एक अहवाल छापून जगाला खुला केला: बॉम्ब कसा तयार झाला, त्यातलं किती सांगता येईल. तो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिला होता. त्या अहवालामागे एक शहाणपण होतं. हे उघड, ते बंद, अशी रेघ सर्वांसमोर ओढायची, म्हणजे आतल्या माणसालाही कळतं की आपण काय बोलू शकतो आणि काय नाही. रशियाला त्याने फायदा झाला अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण रेघ दिसत होती.

नऊ वर्षांनी अणुऊर्जा आयोगात ओपेनहायमरच्या बाजूने जे एकच मत पडलं ते याच स्माइथ यांचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: इतकी वर्षं पाळत ठेवली, तरी या माणसाने एकही गुपित फोडल्याचा पुरावा नाही. म्हणजे ज्याने रेघ नीट ओढली होती, त्यालाच रेघेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे दिसत होतं. आम्हांला यात योगायोग वाटत नाही. आपण काय राखतोय हे ज्याला नेमकं माहीत असतं तो माणसांना उगाच छळत नाही. आणि ज्याला ते माहीत नसतं, तो माणसांचा भूतकाळ राखत बसतो.

म्हणून आमचं मागणं फार मोठं नाही. बंद ठेवायची गोष्ट लहान असावी आणि तिच्याभोवतीची भिंत उंच असावी. ती किती वर्षं बंद, हे आधी ठरलेलं असावं. आत काम करणाऱ्याला आपण काय सांभाळतोय आणि का, हे कळलेलं असावं. आणि कुणावर आरोप झाला तर पहिला प्रश्न ‘हा कुणाचा मित्र?’ हा नसावा. ‘गेलं काय, कधी, कसं?’ हा असावा.

आपण इथे थांबू. प्रश्न बरेच आले आहेत, वेळेअभावी एकच घेतो.

एका ताईंनी विचारलंय, “फुक्सचा काळ कागदाचा होता. आता सगळं संगणकावर आहे, मग हे जुने धडे कशाला?”

ताई, यंत्र बदललं, दार तेच आहे. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात अब्दुल कादीर खान एका कंत्राटदार कंपनीत नोकरीला होते. युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे जर्मन कागद भाषांतरासाठी त्यांच्यापुढे ठेवले गेले, कारण त्यांना भाषा येत होती आणि काम अडलं होतं. डिसेंबर १९७५मध्ये ते पाकिस्तानला परतले, पुढचं आपल्याला माहीत आहे. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन संगणकावरचे कागद घेऊन बाहेर पडले. ते हेर की जागल्या, यावर वाद घाला. पण तेही त्या यंत्रणेत अधिकृतपणे काम करणारे कंत्राटी कर्मचारी होते. दोघांच्याही हातात किल्ली दुसऱ्या कुणीतरी दिली होती. बाहेरून येणाऱ्या चोरासाठी कुलपं हवीतच, ती रोज तपासायलाही हवीत. पण कुणाला कोणती किल्ली दिली, का दिली, आणि काम संपल्यावर परत घेतली का, ही वही आधी नीट ठेवायला हवी. ती वही कंटाळवाणी असते. तिच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

म्हणूनच तिच्याबद्दल आज एवढं बोललो.